डाव्या चाकाची आतली कड

शैलाताई, परवा तुझ्या शोकसभेत मी माईकवर खरं बोलले आणि लोक हसले. टिंगल करणारं हसू नव्हतं ते. डोळे पुसत पुसत, प्रेमानं हसले. माझ्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. तेव्हापासून दोन दिवस मी नुसती धुमसतेय आणि शेवटी हे लिहायला बसलेय. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. पण दुसऱ्या कुणाला सांगायला जावं तर माणसं माझं कौतुक करायला लागतात.

तू कशानं गेलीस, दवाखान्यात किती दिवस होतीस, मागं कोण कोण आहे, हे सगळं शाळेच्या फलकावर लिहून झालंय. मला गाडीबद्दल बोलायचंय. कागदावर ती आमच्या ह्यांची. पण बारामतीहून लासुर्ण्याच्या शाळेत जाताना आणि येताना ती आपली असायची. मी चालवायची, तू शेजारी डावीकडं, आणि भवानीनगरला शिंदे सर मागं चढायचे. चढल्याबरोबर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "चला, देवीनं वाहन दिलंय, आपण पाय पसरू." तू दर वेळी म्हणायचीस, "सर, पाय पसरा, पण बूट काढू नका."

ती पुढची जागा तू मागून घेतली नव्हतीस, मी दिली होती. मला गाडी नवीन होती. उजवी बाजू दिसायची, डाव्या बाजूचा अंदाजच येत नव्हता. तू खिडकीतून मान बाहेर काढायचीस आणि सांगायचीस, "अजून हातभर जागा हाय, जाऊ दे. आता बास. हिकडं खड्डा हाय, धर उजवीकडं." महिनाभर तू माझा डावा डोळा होतीस. नंतर मला जमायला लागलं, तरी तुझी मान काही आत आली नाही. मी चिडायचे. "ताई, मला दिसतंय." तू म्हणायचीस, "तुला दिसतंय, पण मला राहवत न्हाय त्याचं काय करू?"

गाडीची चावी मला कशी मिळाली ते तुला माहीत होतं. आमचे हे एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात पाळीला मोटारसायकलवर जातात आणि गाडी पत्र्याखाली झाकून ठेवलेली असायची. सहा वर्षं मी दोन यष्ट्या बदलून शाळेत आले. शेवटी ह्यांनी चावी दिली आणि अट घातली. "एक पोचा दिसला की दुसऱ्या दिवसापास्नं परत यष्टी." आवाज चढवून नाही म्हणाले. ह्यांचा आवाज कधीच चढत नाही, पण तोंडातून निघालेला शब्द मागंही येत नाही. मला त्या चावीनं काय दिलं ते पुरुषाला सांगून कळणार नाही. सकाळचा एक तास माझा झाला. येताना आईकडं दहा मिनिटं डोकावता यायला लागलं. रस्त्याकडेला ताजी मेथी दिसली तर थांबता यायला लागलं. एवढंच. पण एवढं मिळाल्यावर ते सुटू नये म्हणून माणूस काय काय करतो, ते मी स्वतःवरून सांगते.

तीन वर्षांपूर्वीचा शनिवार. सकाळची शाळा सुटलेली, ऐन गळिताचा हंगाम. तू रजेवर होतीस आणि शिंदे सर प्रशिक्षणाला गेलेले. गाडीत मी एकटी. बेलवाडीच्या पुढं समोरून उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला, आणि मागची ट्रॉली हेलकावे खात पार माझ्या अंगावर. मी डावीकडं घेतली. पाइपलाइनसाठी साइडपट्टी खोदून ठेवलेली होती ते मला दिसलंच नाही. पुढचं डावं चाक खाली आदळलं, इतकं जोरात की माझे दात एकमेकांवर आपटले. वर काढली तेव्हा रिमला पोचा पडलेला होता. सणसरला एका पंक्चरवाल्यानं हातोडीनं तो बसवला, टायर फिरवून बघितला आणि म्हणाला, "म्याडम, रिम बसली, पण शॉकअप बघून घ्या एकदा. चाक तिरकं उभं ऱ्हायल्यासारखं वाटतंय. अलाइनमेंट करा." मी मान डोलावली. बारामतीत अलाइनमेंट करणारा जो तो ह्यांच्या ओळखीचा. मी घरी जाऊन रिम ओल्या फडक्यानं पुसली आणि स्वयंपाकाला लागले.

सोमवारपासून गाडी उजवीकडं ओढायला लागली. थोडीशीच. मी स्टिअरिंग किंचित डावीकडं धरून चालवायची सवय लावून घेतली. सवय लागली की वाटतं, सगळं ठीक आहे.

पावसाळ्यापर्यंत डाव्या चाकाची आतली कड गुळगुळीत झाली. बाहेरून बघितलं तर टायर नवा दिसायचा, नक्षी ठळक. आत हात घातला की मात्र तळव्यासारखा मऊ. ह्यांच्या ते हवा भरताना लक्षात आलं. टायरवाला म्हणाला अलाइनमेंट करा. ह्यांनी मला विचारलं, "आपटली न्हाय ना कुठं?" मी म्हणाले, "न्हाई." "मग अलाइनमेंट कशाला? आपटली न्हाय तर बिघडंल कशी?" ह्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, माझं उत्तर खोटं होतं. टायर मागं गेला, मागचा पुढं आला. मग वाकून चाकाकडं बघत ह्यांनी विचारलं, "ह्या बाजूला कोण बसतं?"

ताई, मी फक्त तुझं नाव सांगितलं. दुसरं काही बोलले नाही. "शैलाताई." तू अंगानं किती भरलेली ते दोघांनीही पाहिलेलं. हे हसले, टायरवालाही हसला. म्हणाला, "मग बरोबर हाय."

मला तेव्हा काय वाटलं सांगू? सुटका झाल्यासारखं वाटलं. लाज नाही वाटली. लाज नंतर आली, आणि आल्यावर जायचं नाव घेईना.

हा किस्सा शिंदे सरांना मीच सांगितला, हसत हसत. मी आधी सांगितला तर कुणी खोलात शिरणार नाही, असा हिशोब होता. तू पण हसलीस. तू स्वतःच्या अंगावर नेहमीच हसायचीस, रिक्षात बसताना म्हणायचीस, "भाऊ, चार शिटं भरली समजा." म्हणून मला वाटलं, हिला काय, ही चेष्टेतच घेईल. पण पुढं आलेला टायरही पाच-सहा महिन्यांत तसाच झिजला, तेव्हा तू हसायचं सोडलंस. मग एक दिवस गाडी उभी असताना पदर खोचून रस्त्यातच वाकलीस आणि चाकाच्या आत हात घातलास. म्हणालीस, "टायर बदलून उपयोग न्हाय. चाकाची जागाच खातीय त्याला."

मग तू आठवीचा वर्ग शाळेपुढच्या फरसबंद अंगणात आणलास. विज्ञानाचा तास. माझ्याच गाडीच्या टायरवरून सगळ्या मुलांना हात फिरवायला लावलास आणि खडूनं फरशीवर तीन चाकं काढलीस. हवा कमी असली की दोन्ही कडा झिजतात आणि मधला भाग तसाच राहतो. हवा जास्त असली की मधलाच पट्टा झिजतो, कडा राहतात. ओझं वाढलं तरी चाक दबतं, म्हणजे हवा कमी असल्यासारखंच, झिजल्या तर दोन्ही कडा झिजतील. "आणि एकच कड झिजत असंल तर?" तू विचारलंस. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, चाक सरळ उभं न्हाय." तू तिला टाळी दिलीस. तुझा चेहरा असा फुललेला मी फार वेळा पाहिला नाही. तू माझ्याकडं बघितलंस. मी कार्यालयाच्या दारात उभी होते. मी "बरोबर" एवढा एक शब्द म्हटला असता तरी पुरलं असतं. तेवढ्यात शिंदे सर मागून म्हणाले, "ते सगळं खरं, मॅडम, पण पुस्तकातल्या गाडीत तुमी बसला नव्हता." आठवीचा अख्खा वर्ग हसला. मीही हसले.

तुझं नाव त्या दिवसापासून टायर मॅडम पडलं. मुलं तोंडावर म्हणायची नाहीत. बाकावर लिहायची.

दोन दिवसांनी सणसरला उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. सर रजेवर होते, गाडीत आपण दोघीच. तू समोर बघत विचारलंस, "मंगल, तू कुठं आपटली हायेस का गाडी? आपटली असशील तर सांग. मी न्हाय सांगत कुणाला." इतकं सोपं करून दिलं होतंस तू. मला फक्त मान हलवायची होती. पण एकदा बोललं की ते आपल्या हातात राहत नाही, तुझ्या घरी दाजींच्या कानावर जाईल, दाजींकडून ह्यांच्या, असलं काहीतरी डोक्यात आलं, आणि मी चक्क चिडले. म्हणाले, "ताई, तुला माझ्या चालवण्यावर भरवसाच न्हाय." तू "तसं न्हाय गं" म्हणालीस आणि खिडकी वर केलीस. पुढच्या ट्रॉलीतून उसाच्या कांड्या पडत होत्या. आपण अर्धा तास तशाच बसून होतो, आणि त्या अर्ध्या तासात मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

पुढच्या आठवड्यापासून तू मागं, माझ्या पाठीमागं, उजवीकडं बसायला लागलीस. "बघू, प्रयोग करू," म्हणालीस. तू शाळेत शिकवायचीस तसाच प्रयोग, एक गोष्ट बदलायची, बाकी तसंच ठेवायचं. शिंदे सर पुढं आले. सर किती किडकिडीत ते तुला माहीत आहे. चार महिन्यांनी टायर पुन्हा आतूनच झिजलेला. तुझा मुद्दा सिद्ध झाला होता, ताई. पण तोपर्यंत मुद्दा कुणाला हवा होता? किस्सा सगळ्यांना पाठ झाला होता. सर म्हणाले, "आधीचा परिणाम राहतो." आणि ह्यावर मुख्याध्यापकांपासून शिपाईमामांपर्यंत सगळे खूश.

तू यष्टीनं यायला लागलीस. मला सांगितलंस, लेकीचं, ऋतुजाचं, कॉलेज सकाळचं झालंय, तुझी वेळ बदललीय. मी "बरं" म्हणाले. मी कधी विचारलं नाही आणि तू कधी बोलली नाहीस. थांब्यावर तू उभी दिसायचीस. मी गाडी हळू करायचे, तू हातानं "जा, जा" करायचीस. एकदा मुलांची उंची-वजनं घेऊन झाल्यावर मी वह्या ठेवायला परत आले. वर्गात कुणी नव्हतं, तू वजनकाट्यावर उभी होतीस, चपला बाजूला काढून, आणि हातातलं घड्याळसुद्धा काढून टेबलावर ठेवलेलं. मी दारातून मागं फिरले. पायांचा आवाज होऊ नये म्हणून मी भिंतीला धरून चालले, हे मला अजून आठवतं.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी डाव्या टायरच्या आतल्या कडेची तार दिसायला लागली. मी ह्यांना न विचारता गाडी एमआयडीसीजवळच्या एका नव्या अलाइनमेंटवाल्याकडं नेली. त्यानं चाक उतरवलं, खाली दिवा धरला आणि मला जवळ बोलावलं. "शॉकअपचा दांडा वाकलाय. चाक वरनं आत झुकलंय, म्हणून आतली कड खातंय. जुना मार हाय हा. हितं रंग तडकलाय बघा, त्यात गंज धरलाय." मी विचारलं, "शेजारी जाड माणूस बसलं तर असं होतं का?" त्यानं दिवा खाली ठेवला. "म्याडम, पाच माणसं बसायलाच बनवलीय ना गाडी?" त्यानं दांड्यासकट शॉकअप बदलला, अलाइनमेंट केली, नवे टायर चढवले. गाडी आता नाकासमोर चालते. माझा हात मात्र अजून डावीकडं ओढतो, आणि दोन दिवस मी वेडीवाकडी चालवत होते.

शोकसभेत तुझी ऋतुजा माझ्याजवळ आली. म्हणाली, "काकू, तो टायरचा किस्सा सांगा ना. पप्पा किती दिवसांत हसले न्हाईत." दाजी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. आमचे हे पण आले होते, मागं खुर्च्या लावत होते. आधी शिंदे सर बोलले. त्यांनी किस्सा अर्धा सांगितला, माईक माझ्यापुढं धरला, आणि म्हणाले, "पुढचं ह्या सांगतील. गाडी ह्यांची."

मी सांगितलं. बेलवाडी सांगितली, ट्रॉली सांगितली, खोदलेली साइडपट्टी सांगितली. गाडी मी आपटली, मी लपवली, नाव शैलाताईंवर गेलं, त्यांचं वजन आणि तो टायर ह्यांचा काही संबंध नव्हता, हे सगळं ह्याच शब्दांत सांगितलं. "टायर" म्हटल्याबरोबर जे हसू सुरू झालं ते काही थांबेना. दाजीही हसले. मुख्याध्यापक आभार मानताना म्हणाले, "गेलेल्या मैत्रिणीच्या नावाला चेष्टा चिकटू नये म्हणून मॅडमनी सगळं स्वतःवर घेतलं. मैत्री असावी तर अशी." टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, तरी वाजल्या.

घरी जाताना मी ह्यांना म्हणाले, "अहो, मी खरंच आपटली होती." हे म्हणाले, "बरं बोललीस. पण मेलेल्या माणसासाठी इतकं खोटं कशाला? तू गाडी किती जपतीस ते मला ठाऊक न्हाय का?" शॉकअप बदललाय म्हटलं. म्हणाले, "जुनी गाडी हाय. शॉकअप जातातच." तीन वर्षं मी ज्या शिक्षेला भीत होते, ती आता मागूनही मिळत नाही. ज्या घराचं दार मी आतून लावून घेतलं होतं, ते आता बाहेरून कुणी उघडायला तयार नाही. मी कुठं जाऊ, ताई?

आज दुपारी ऋतुजा घरी आली. एकटीच. चहा ठेवला तर नको म्हणाली. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "काकू, तुमी सभेत बोललात ते खरं होतं ना?"

मी म्हणाले, "व्हय."

"मला वाटलंच. तुमी हसत नव्हता." ती रडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाली, "दवाखान्यात आई एकदा म्हणाली, मी बसायचं सोडलं त्याला वर्ष झालं. आता तरी मंगलचा टायर टिकला असंल."

मी विचारलं, "चेष्टेनं म्हणाली?"

"न्हाई काकू. तिला तसंच वाटत होतं. मी म्हटलं, आई, तूच तर सांगायचीस की वजनानं एक कड झिजत न्हाय. तर म्हणाली, जाऊ दे, माझंच कायतरी चुकत असंल, इतकी माणसं सांगत्यात तर."

ऋतुजा गेली. मी अजून त्याच खुर्चीसमोर बसलेय. तुझी गाडीतली जागा घालवली, तुझं नाव घालवलं, हे मला माहीत होतं. पण फरशीवर खडूनं तीन चाकं काढून आठवीच्या पोरांना पटवणारी बाई, तिचा स्वतःच्या बुद्धीवरचा भरवसाही मी काढून घेतला, हे मला आज कळलं. ताई, तुझं काहीच चुकलं नव्हतं. चाक तिरकं होतं, आणि ते मी केलं होतं.